बुवांच्या गळ्याखालचं वाद्य

सेवादासबुवांचं कीर्तन मी तीस वर्षं मागे उभं राहून ऐकलं. हातात टाळ आणि नजर त्यांच्या पाठीवर. बोरी अरबला कितीतरी कीर्तनकार आले, गेले. पण तांड्यातल्या बंजारा म्हातारीला तिच्या गोरबोलीत आणि आम्हा कुणब्यांना मराठीत, एकाच निरूपणात हसवून रडवणारा हा एकच. त्यांच्या तोंडून भक्ताची कथा ऐकली की घरी जाऊन बायकोशी भांडायची इच्छा होत नसे.

मागच्या वर्षी गळ्यात गाठ निघाली. नागपूरला किरणांचे शेक दिले, तरी परत आली. आता स्वरयंत्रच काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले, आणि वैशाखातली तारीख दिली. बुवांनी एवढंच मागितलं, की त्याच्याआधी तांड्याच्या मंदिरात एक कीर्तन व्हावं, आपल्या आवाजात.

आवाज कसला उरला होता? खालचा, जाडाभरडा, कुजबुजीपेक्षा थोडा वर. पेटी वाजली की बुडायचा. माइक लावला की नुसती घरघर मोठी व्हायची. त्यांची मुलगी अंजू यवतमाळला नर्सिंग शिकते. खोलीतल्या मैत्रिणीच्या युकुलेलेवर, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारीवर, तिचा हात बसलेला. ती म्हणाली, "बा, याच्यातच मोठं येते. बॅरिटोन म्हणते त्याले. चारच तारा, आवाज खालचा अन् नरम. तुमी गा, मी खालून धरून ठेवते."

सहा हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवून बुवा, त्यांच्या घरच्या रुपीबाई, अंजू आणि मी बसनं यवतमाळला गेलो.

दुकानदार कपिल बोलका माणूस. त्यानं आधी रंगीत, लहान लहान काढून दाखवली. अंजूनं एक छेडलं तशी रुपीबाई म्हणाल्या, "हे तं चिमणीचं पिलू हाय. यायले पिलू कायले?"

"मावशी, आजकाल हेच खपते."

"खपू दे ना. आमी का विकाले नेऊन राह्यलो?"

मग त्यानं मोठी तीन काढली. पहिलं चकचकीत, पण दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर आलेली. अंजूनं बोट फिरवून लगेच मागे घेतलं. दुसरं पूर्ण लाकडाचं. ते वाजलं तेव्हा बुवांनी त्याच्या पोटाला कान लावला आणि डोळे मिटले. किंमत ऐकल्यावर उघडले. "ठेव बाई जागेवर," म्हणाले.

तिसरं कोपऱ्यातलं, फिकट तपकिरी, एका बाजूला ओरखडा.

"प्लायवूडचं हाय, काकाजी," कपिल म्हणाला. "खोटं नाही बोलत, त्याच्यासारखं गात नाही. पण तारा खाली हायेत, बोटं दुखत नाही. अन् खुंट्या घट्ट हायेत."

रुपीबाईंनी माठ वाजवून घेतात तसं बोटाच्या पेरानं पाठीवर वाजवलं. "फुटकं नाही."

बुवा स्टुलावर बसले. त्यांनी सा लावला. अंजू तारा ढिल्या करत करत त्यांना शोधत खाली उतरली. एका जागी दोघं भेटले. कपिलनं हळूच पंखा बंद केला. चार महिन्यांत पहिल्यांदा बुवांचा सूर हलला नाही.

"हेच घे," बुवा म्हणाले. "त्या महागाच्यानं मले लाजवलं असतं. हे माह्यासारखंच हाय, जोडजाड केलेलं."

त्यानंतर दहा दिवस सकाळ-संध्याकाळ सराव चालला. मी शेतावरून येताना कुडाबाहेर उभा राहून ऐकत असे. अंजूला एकच त्रास होता. नव्या नायलॉनच्या तारा ताणत जातात, सूर सारखा उतरतो. ती खुंट्या पिळायची आणि आईला म्हणायची, "याडी, पुन्हा उतरलं." रुपीबाई ऐकून घ्यायच्या.

कीर्तनाच्या दिवशी दुपारी अंजूनं मला बोलावणं पाठवलं. गेलो तर ओट्यावर वाद्य उताणं पडलेलं. तारा ज्या पट्टीला बांधतात ती पट्टी पोटावरून उखडून तारांनाच लोंबत होती. पोटाचं लाकूड फुगून वर आलेलं.

रुपीबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "गोठ्याच्या पत्र्यावर, उन्हात ठेवलतं. दोन घंटे. नगारा उतरला का तापवाच लागते न, किसनराव? यायचा नगारा मीच तापवत आली. पोरगी रोज म्हणे उतरलं, उतरलं. मले वाटलं, तिले आपलं ठाऊक नसन."

अंजूनं कपिलला फोन लावला. डिंक लावून दोन दिवस दाबून ठेवावं लागेल, त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला निघायचं होतं.

रुपीबाई रडायला लागल्या. बुवांनी त्यांच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. "जीव लावूनच ठेवलं ना तू," एवढंच बोलले.

दिवेलागणीला मंदिर भरलं. बुवांनी पेटी मिटवून ठेवायला लावली. मला म्हणाले, "टाळ हळू, किसनराव." पहिली ओळ पुढच्या दोन रांगांपर्यंत गेली. दुसऱ्या ओळीला सूर घसरला. त्यांनी डावीकडे पाहिलं. तिथे अंजू रिकाम्या हातानं बसली होती. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा पुढे बसलेल्या मानीबाईंना बघवेना. त्यांनीच ओळ उचलली. मग बायका, मग पुरुष, मग अख्खा तांडा. तीस वर्षांत सगळ्यांना सगळं पाठ झालेलं. माझेही हात आवरले नाहीत, टाळ जोरानं पडायला लागला.

बुवा गातच होते. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो आणि मला आमचाच गजर ऐकू येत होता. तो थांबवावा असं माझ्या मनात आलं. पण देवाचं नाव चालू होतं, आणि ते मधेच तोडायची माझी छाती झाली नाही.

आरती झाली. लोक डोळे पुसत पाया पडले. "काय रंगलं आज, बुवा," म्हणत घरी गेले.

पायऱ्यांवर मी त्यांना हात दिला. ते माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "माहं म्हणलेलं कोणाले ऐकू आलं का?"

ज्या माणसाकडून खरं बोलायला शिकलो, त्याच्यापुढे काय सांगणार?

"नाही, बुवा."

त्यांनी मान हलवली. मग बोट ओठांपाशी नेऊन, खुणेनं, पाणी मागितलं.