तडा गेलेली कवळी

बोट बंदरात जेमतेम सहा तास थांबणार होती. बाकीचे उतारू टेकडीवरचा दीपस्तंभ पाहायला निघाले. माई मात्र तोंडावर रुमाल धरून, सुनेच्या मागोमाग, कवळ्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं दुकान शोधत होत्या. दोन दिवसांपूर्वी हातातून सटकून पडल्यानं कवळीला मधोमध तडा जाऊन दोन तुकडे झाले होते. तेव्हापासून पोट बिघडून मळमळतंय असं सांगून, तोंडाला रुमाल लावून त्या केबिनमध्ये नुसत्या सुपावर दिवस काढत होत्या. आणि आज रात्री त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं जेवण होतं.

कवळी बसवल्यापासूनच्या अकरा वर्षांत अण्णांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनीही, त्यांना बिनदातांचं पाहिलं नव्हतं. दिवा मालवल्याशिवाय माई कवळी काढतच नसत. सुनेला कालच सुगावा लागला होता. पण तिनं कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

दुकान सापडलं ते एका वखारीमागे. खिडकीत प्लॅस्टरचे जबडे ओळीनं सुकत होते. कारागिरानं तुकडे उजेडात धरले.

"जुळतील. दोन तास गावात फिरून या."

गल्ली चढणीची होती. सून पुढे जाऊन वाट विचारत होती. एका उंबऱ्यावर जाळं सांधत बसलेल्या म्हातारीनं माईंना हटकलं, "कुठनं आलात?"

माई रुमालाआडून काहीतरी पुटपुटल्या.

"फडकं काढून बोला की! मला कमी ऐकू येतं."

नाइलाजानं रुमाल खाली आला. "बोटीनं आलो," माई कशाबशा म्हणाल्या.

"तुमचेही गेले वाटतं?" म्हातारी तोंडभर हसली. "माझे तीन उरलेत. शेंगदाणे सोडले, तर काही अडत नाही बघा."

परतल्यावर कारागिरानं पाण्याच्या डबीत बुडवलेली कवळी पुढे केली. सांधा शोधूनही दिसत नव्हता.

"आज घालायची नाही हं. रात्रभर पाण्यात राहू दे, नाहीतर सांध्यातला नवा मसाला तोंडाला झोंबेल."

माईंचा चेहरा उतरला.

"आई, तुम्हाला बरं नाही असं मी सांगते सगळ्यांना," सून हळूच म्हणाली. "जेवण केबिनमध्येच मागवू."

 माईंनी डबीचं झाकण घट्ट लावलं.

धक्क्याच्या पायऱ्यांवर अण्णा ताटकळत उभे होते. "अगं, होतीस कुठं? पोट कसं आहे?"

माईंचा हात सवयीनं रुमालाकडे गेला, क्षणभर घुटमळला. मग त्यांनी रुमाल घडी करून पर्समध्ये टाकला.

"पोटाला काही झालं नाहीये, अहो. कवळी मोडली होती." आणि त्यांनी तोंड उघडून दाखवलं.

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि नीट पाहिलं.

"म्हणजे आज भाषण मी करायचं? पन्नास वर्षांत पहिल्यांदाच संधी देतेयस."

"दात नाहीत," माई म्हणाल्या, "जीभ आहे अजून."

सुनेनं हसू लपवायला तोंड समुद्राकडे फिरवलं.