दुसऱ्या तळ्याचा पलीकडचा काठ

हरेश्वर यांच्या पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नाही. आलं त्या दिवशी ते तीनदा वाचलं आणि शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवून दिलं. पुढे त्या खंडातला शब्द अडला, की मी अर्थ न बघताच चालवून घेऊ लागलो.

हरेश्वर हे कामणचे शेतकरी, मला पूर्ण अनोळखी. आमच्या निर्मळच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात माझा एक लेख आला होता. हायवेपलीकडच्या डोंगरात, दाट झाडीत दोन तळी आहेत. एका वाटेनं चढायचं, दोन्ही तळी पाहायची आणि दुसऱ्या वाटेनं खाली यायचं, अशी एका दिवसाची फेरी मी त्यात दिली होती. वेळा होत्या, खुणा होत्या, हातानं काढलेला नकाशा होता. ‘फार अवघड नाही, अगदी सोपीही नाही, साठीच्या माणसालाही जमेल,’ असं मी लिहिलं होतं. शाळेच्या ग्रंथालयात जन्म काढलेला माणूस सत्तरीनंतर डोंगरावर लिहितो, म्हणून लोकांनी कौतुकही केलं.

हरेश्वर यांनी लिहिलं होतं: ‘तुमचा लेख वाचून नातीला, सातवीतल्या खुशीला घेऊन गेलो. मी डोंगराच्या पायथ्याला जन्मलो. दुसऱ्या तळ्याच्या पलीकडून आमचं कोणी उतरत नाही. पण छापून आलंय म्हणजे वाट असेल, असं वाटलं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे काठानं गेलो. पुढे काठ संपला आणि थेट खडक लागला. खाली खोल. मागं फिरताना खुशी घसरली, मनगट मोडलं. आता प्लास्टर निघालंय. घरात सगळे बोलतात, म्हाताऱ्याला वाट समजली नाही. माझीच चूक झाली असणार. तुम्ही कुठून उतरलात तेवढं कळवावं.’

रागाचं एकही वाक्य नव्हतं.

मी कुठूनच उतरलो नव्हतो. पहिल्या तळ्यापर्यंत गेलो होतो. तिथं थोडा वेळ बसून वर खिंडीपर्यंत चढलो. तिथून झाडांतून दुसऱ्या तळ्याचं पाणी चमकताना दिसलं. गुडघा दुखत होता, सोबत कोणी नव्हतं, भीती वाटली. परत फिरलो. उरलेली फेरी मी घरी, एका जुन्या नकाशावरून लिहिली. नकाशात तळं होतं आणि तळ्याच्या पलीकडे उतरणारी एक बारीक रेघ होती. मधलं काही नव्हतं. पण आम्ही वाडीवाली माणसं. आमच्या वाडीत बावखल असतं, गोड्या पाण्याचं तळं, आणि त्याच्या चारी बाजूंनी माणूस फिरतो. केळींना पाणी द्यायला फिरावंच लागतं. पाणी आहे म्हणजे भोवती काठ असणारच, अशी माझी समजूत. मी लिहून टाकलं, ‘काठाकाठानं पलीकडे जावं.’

यंदा जानेवारीत आमच्या शेजारची हेमांगी अंक घेऊन ओटीवर आली. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि वाचनालयातर्फे सहली काढते.

“काका, तुमची फेरी करायचीय. सव्वीस जानेवारीला. अठ्ठावीस जण, त्यात नऊ पोरं.”

“एवढे?”

“अहो, नाव नोंदवायला भांडतायत. लेखाचा फोटो ग्रुपवर टाकला ना मी. आता तुम्ही सगळं नीट आखून द्या.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिनं वही उघडली आणि मी आखू लागलो. टेम्पो पहाटे साडेपाचला. चौकीवर वनखात्याकडे नावं द्यायची. पाणी प्रत्येकी तीन लिटर. मुलं मध्ये, मोठे पुढे-मागे. कागदावरचं चालणं मला फार छान जमतं. अर्ध्या तासात मला त्या फेरीचा अभिमानसुद्धा वाटू लागला होता, हे लिहिताना आज कान तापतात.

प्रमोदिनी चहा घेऊन आली. “हेमांगी, ह्यांच्या भरवशावर पोरांना नेऊ नको हो. हे कोथिंबीर आणायला जातात आणि मेथी घेऊन येतात.”

“काकू, डोंगरात कुठे भाजीवाली असते!”

“त्या डोंगराच्या दिवशी तर दीडला जेवायला घरात हजर. मी म्हटलं, दोन तळी इतकी जवळ?”

“काका धावत आले असतील,” हेमांगी म्हणाली आणि हसली.

मीही हसलो.

“दुसऱ्या तळ्यापासून खाली किती वेळ धरू?”

“दीड तास,” मी म्हणालो. तिनं ते पेनानं लिहून घेतलं.

ती गेल्यावर मी शब्दकोशाचा दुसरा खंड काढला. पत्रात खुशीची इयत्ता लिहिली होती, सातवी. हेमांगीच्या यादीत सातवीतली तीन मुलं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी शाळेला निघायच्या आधी मी तिच्या अंगणात गेलो. ती फडक्यानं स्कूटर पुसत होती.

“काल दीड तास लिहिलंस ना, ते खोड.”

“मग किती? दोन?”

“काहीच धरू नको. मी तिकडून उतरलेलो नाही. दुसऱ्या तळ्याला मी गेलोच नाही.”

ती आरसा पुसत राहिली. “म्हणजे लेख?”

“अर्धा खरा.”

मी पत्र पुढे केलं. तिनं उभ्यानंच वाचलं, आणि संपल्यावर घडी घालायला बराच वेळ घेतला.

“काका, काल मी लिहीत होते तेव्हा तुम्ही समोर बसला होतात.”

“हो.”

“ह्यांना उत्तर काय दिलंत?”

“दिलं नाही.”

“दोन वर्षं?” तिनं घडी पुन्हा उघडून पत्राच्या तळाशी बोट ठेवलं. “नंबर आहे की. लावते आत्ता, बोला तुम्ही.”

मी नको म्हणालो. फोनवर मी हवापाण्याकडे वळेन आणि तिथंच राहीन, माझं मला ठाऊक आहे. “लिहितो. आजच.”

“बरं. पहिल्या तळ्यापर्यंत जाऊ आणि त्याच वाटेनं परत येऊ. ते तरी पाहिलंयत ना?”

“पाहिलंय.”

“ग्रुपवर काय टाकू?”

“जे खरं ते. माझ्या नावानं.”

मी घरी पोचेपर्यंत तिनं टाकलंही होतं. प्रमोदिनी हातात फोन घेऊन दारात उभी होती.

“काल मी मुद्दाम बोलले,” ती म्हणाली. “वाटलं, आता तरी सांगाल. तुम्ही हसलात.”

माझ्या उत्तराची वाट न पाहता तिनं आत जाऊन कुकर लावला.

मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात ‘वयोमानामुळे’ हा शब्द आला, तो फाडला. दुसऱ्यात मी बावखलाबद्दल दीड पान लिहिलं. वाचायला ते बरं वाटत होतं, म्हणूनच तेही फाडलं. चौथ्या कागदावर एवढंच राहिलं:

‘श्री. हरेश्वर यांस, सप्रेम नमस्कार. तुम्ही वाट चुकला नाहीत. तिथं वाट नाही. मी दुसऱ्या तळ्याला कधी गेलो नाही आणि गेल्यासारखं लिहिलं. तुमच्या पत्राला उत्तर दिलं असतं तर हेच लिहावं लागलं असतं, म्हणून दिलं नाही. खुशीचं मनगट माझ्यामुळे मोडलं. तुमची आणि तिची माफी मागतो. पुढच्या अंकात दुरुस्ती माझ्या नावानं छापून येईल. हे पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवा. तुम्हाला ठाऊक होतं तेच बरोबर होतं. आपला, एकनाथ.’

प्रमोदिनीला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून वाचलं, परत दिलं आणि म्हणाली, “पिनकोड घाला.”

जेवण झाल्यावर मी चालत पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो. वाटेत केळीचे घड लादलेल्या सायकलीवरून एक ओळखीचा गेला. त्यानं हात केला, आणि यानं ग्रुप वाचला असेल का, एवढंच माझ्या मनात आलं. असेलही. पेटीशी उभं राहून पत्ता पुन्हा वाचला. पाकीट अर्धं आत घालून मी थोडा वेळ धरून ठेवलं. उत्तर येईल की नाही, आलं तर उघडवेल की नाही, काही सांगता येईना.

मग सोडलं.