भुऱ्या सुटा होता

वामनरावांना लकवा मारला, त्यालाही आता पावसाळा आणि हिवाळा उलटून गेला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि चांदूर बाजार गावाच्या कडेचं त्यांचं घर माणसांनी भरून गेलं. घरामागच्या वावरात वांगी, मेथी, कोथिंबीर काढून बाजारात विकणारा माणूस, ओळखी गावभर. फाटकाची कडी काढून जो तो सरळ आत यायचा, खाटेशी बसायचा, कोणत्या गावाला लकव्याचं औषध मिळतं ते सांगायचा आणि चहा पिऊन जायचा.

चहा त्यांची बायको शकुन करायची. नवऱ्याला पुसणं, कूस बदलणं, भरवणं, चादरी धुणं, सकाळी भाजी तोडून गाडीवाल्याला देणं, सगळं तिच्याच अंगावर. रात्रीतही वामनराव कितीदा तरी उठवायचे. दुपारी जेवणं आटोपून ती जरा पाठ टेकायची आणि नेमकं फाटक वाजायचं.

घरी भुऱ्या नावाचा कुत्रा होता. मागे वावरातला पंप चोरीला गेला तेव्हा मुलाने, योगेशने, तो अमरावतीहून आणून दिला होता. अंगाने दांडगा आणि परक्या माणसाला वाईट. रात्री त्याला सोडायचे, उजाडलं की लिंबाच्या झाडाला बांधायचे.

चैत्र लागला त्या सुमाराला एका सकाळी शकुनने साखळी हातात घेतली, भुऱ्याकडे पाहिलं आणि साखळी परत खुंटीला टांगली.

त्या दुपारी सूर्यभान आले. ते वामनरावांचे लहानपणापासूनचे सोबती, बाजारात दोघांची दुकानं शेजारीशेजारी लागायची. नेहमीसारखे ते हाक न देता आत आले आणि भुऱ्याने त्यांची पोटरी धरली.

ओरडा ऐकून शकुन धावली. काठी घालून तिने कुत्र्याला हटवलं, नळाखाली बसवून साबणाने जखम बराच वेळ धुतली, शेजारणीला नवऱ्याजवळ बसवलं आणि सूर्यभानना ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात इंजेक्शनला नेलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "झोपल्या होत्या काय, वयनी?"

"हो," ती म्हणाली.

बाजारात चार दिवस तोच विषय होता. कोणी म्हणे, कुत्रं राखणीलाच पाळतात, न सांगता घुसलं तर चावणारच. कोणी म्हणे, आजारी माणसाच्या दारात असलं जनावर ठेवतात काय. योगेशचा फोन आला.

"बरं झालं, आई. आपलं घर हाय का एस्टी स्टँड? कोनीबी घुसते. भुऱ्यानं त्याचं काम केलं."

"सूर्यभान भाऊजी कोनीबी नाईत, बावा."

"मंग एक हाक देयाले काय होते?"

वामनरावांची कूस बदलायची म्हणून तिने फोन ठेवला.

माणसं यायची बंद झाली. पहिल्या दुपारी शकुन अशी झोपली की उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ, तिला कळेना. पुढचे काही दिवस तिला हलकं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की वामनरावांनी तोंड भिंतीकडे केलंय. भरवायला गेलं की ओठ मिटून घ्यायचे. लोकांपुढे अडखळत का होईना चार शब्द बोलायचे, तेही थांबले.

"काय होऊन राहिलं तुमाले?" तिने विचारलं.

जड जिभेने ते म्हणाले, "सूर्या... येत नाई."

"मी हावो न इथं. दिवसरात मीच हावो."

त्यांनी डोळे मिटले. तिला राग आला आणि राग करायलाही त्राण नाही, हे जाणवून ती उंबऱ्यावर बसून राहिली. "तू... थकली," मागून वामनराव म्हणाले. एवढ्या महिन्यांत तिला हे कोणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला बसवून ती सूर्यभानच्या घरी गेली. त्यांची बायको पार्बताबाई दारातच उभी होती.

"आता काहून आली? पाय पाहाले?"

"भाऊजीशी बोलाचं हाय."

सूर्यभान पाय लांब करून बाजेवर बसले होते. "चूक माहीच, वयनी," तेच आधी म्हणाले. "आवाज देयाले पाह्यजे होता. पन त्या घरात मी कधी आवाज देऊन गेलोच नाई."

"कुत्रं मी मुद्दाम सुटं ठेवलं होतं, भाऊजी. मले झोप पाह्यजे होती. येऊ नका म्हनाले तोंड होत नव्हतं."

पार्बताबाई आत जाता जाता थांबली. सूर्यभान पोटरीवरच्या पट्टीकडे पाहत राहिले. त्यांच्या मनाला लागलं होतं, ते दिसत होतं.

"मले सांगाचं होतं न," ते म्हणाले. "मी बसलो असतो वामनजवळ, तुमी झोपल्या असत्या."

"तुमी आले का चहा मांगता."

"चहा मले करता येते."

पाय बरा झाल्यावर ते येऊ लागले. फाटकाबाहेरून हाक द्यायचे, शकुन फाटक उघडून द्यायची आणि आतल्या खोलीत जाऊन पडायची. वामनराव पुन्हा जेवू लागले. बोलणं फारसं सुधारलं नाही.

भुऱ्याला आता ती दिवसभर बांधूनच ठेवते आणि फाटकाला आतून कुलूप लावते. योगेशला ते पटलं नाही.

"मंग कुत्रं कायले ठेवलं?"

"चोरासाठी. पाहुन्याले नाई म्हनाचं तं मीच म्हनीन."

म्हणायला सोपं होतं. परवा दुपारी तिच्या आतेसासूचा मुलगा गजेंद्र अकोल्याहून न कळवता आला आणि हाका मारू लागला. शकुन फाटकाशी गेली. "आत्ताच डोळा लागला त्यायचा," ती म्हणाली, "मीबी पडतो जरा. संध्याकाळी या." गजेंद्रने तिच्याकडे पाहिलं, गाडी वळवली आणि गेला. ती आत येऊन आडवी झाली. तो नातेवाइकांत काय काय सांगेल ते तिला आताच ऐकू येत होतं. झोप काही लागली नाही. पण ती उठलीही नाही.