तोटीवरचा थर

आमच्या अंगणातल्या नळाच्या तोटीवर पांढरा थर साचतो. नळ आल्यापासून वर्षभरात तो तीन मिलिमीटर झाला. मी पट्टी लावून मोजला आहे. बाहेरून तो खडबडीत असतो, आतून शिंपल्यासारखा गुळगुळीत, आणि लिंबू पिळलं की फसफसतो. बोअरच्या खडकातला चुना पाण्यात विरघळून येतो आणि पाणी वाळलं की पुन्हा दगड होतो.

हेच पाणी घरोघरी जातं. साबणाला फेस येत नाही. पोरांचे पांढरे सदरे महिन्याभरात राखाडी पडतात. पाणी तापवायच्या रॉडवर चुन्याचं कवच चढतं आणि तो जळतो. आणि तुरीची डाळ सात शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली येते. बाकीचं सगळं बायका सोसतात, पण वरण शिजलं नाही तर बोल सुनेला लागतो.

मी लाखनीच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. केली आणि लग्न होऊन लाखांदूर तालुक्यातल्या या गावी आले. आमचं घर तलावात मासे धरणारं. सासूबाई, सखाबाई, बासष्टाव्या वर्षीही टोपलीत झिंगे घेऊन गावभर फिरतात. माझा नवरा लिलाधर नळयोजनेचा पंप चालवतो. गावात काही तपासायचं, लिहायचं असलं की ‘तृप्तीले बोलवा’ म्हणतात.

मागच्या फेब्रुवारीत बायकांनी पाण्याची तक्रार केली, म्हणून तालुक्याहून साहेब नमुना घ्यायला आले. आमच्याच अंगणात बसले. मी अर्ज भरत होते: नळाचं ठिकाण, तारीख, वेळ. बाटलीवरच्या चिठ्ठीवर सही केली. नळ दोन मिनिटं वाहू देऊन मगच बाटली भरायची असते, ते मला माहीत होतं. उठले तेव्हा सासूबाई भरलेली बाटली पदराने पुसत घरातून बाहेर येत होत्या. साहेबांनी ती घेतली, चहा पिऊन गेले.

महिन्याभराने अहवाल आला. कठीणपणा, म्हणजे पाण्यातल्या चुन्याचं माप, एकशे चोवीस. सरपंच चंद्रकुमारभाऊंनी तो चावडीसमोर मोठ्याने वाचला.

“एकशे चोवीस! सहाशेपर्यंत चालते. आता बोला वो बायाहो! पानी चोख आहे, तुमचे हातच बिघडले.”

माणसं हसली. मी घरी येऊन तोटीकडे बघत राहिले. एकशे चोवीसचं पाणी असा दगड मागे ठेवत नाही.

“आई, ते बाटली कुठून भरली होती तुमी?”

“घरातल्या गुंडातून. पारीखालच्या विहिरीचं होतं ना.”

तलावाच्या बांधाला आमच्याकडे पार म्हणतात. पारीखाली जुनी विहीर आहे. तलावाचं पाणी झिरपून तिच्यात येतं, म्हणून ती गोड. पाहुण्याला आमच्या घरी गुंडातलं, म्हणजे घागरीतलं, तेच पाणी देतात.

“तपासाले नळाचं पाहिजे होतं, आई.”

“साहेब एवढ्या दुरून आला, त्याले असं खारट देऊ का व? पोरगी दाखवाची असली तं फाटकं लुगडं नेसवून बसवते का कोनी?” त्या हसल्या. मग माझ्याकडे पाहून थांबल्या. “कायले? का झालं?”

मी सांगितलं. त्या टोपली घेऊन निघून गेल्या. त्या दिवशी झिंगे तसेच परत आले.

लिलाधरने सगळं ऐकून घेतलं.

“पंपवाल्याच्याच घरानं खोटं पानी देल्लं म्हनतीन. पहिले मले काढतीन, मंग बुढीच्या मांगं लागतीन. थांब थोडी.”

मी थांबले. धानाची रोवणी होईपर्यंत म्हणून थांबले, मग दिवाळी होईपर्यंत. प्रत्येक वेळी एक तारीख ठरवली आणि ती जाऊ दिली.

शेजारी राखीचं घर. मधे एकच भिंत. तिच्या सासूचा, रुखमिणीबाईंचा, आवाज रोज सकाळी भिंतीवरून यायचा.

“तुया मायनं डाळ घोटाले शिकवलं नाही का व? का आमचेच दात मोजून राहिली?”

एकदा राखी भिंतीपाशी येऊन मला हळूच म्हणाली, “तृप्तीताई, तुमी शिकलेल्या. मीच का चुकून राहिली, सांगा ना. सोडा टाकला, रात्रभर भिजवली.”

“तुझं काही चुकत नाही,” मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

नोव्हेंबरच्या शेवटी धान कापून झाले होते. राखीला सातवा महिना होता आणि दुसऱ्या दिवशी तिची ओटी भरायची होती. माहेरची माणसं येणार, पुरणपोळी करायची. पुरणाची डाळ नळाच्या पाण्यात दाणा दाणा राहिली. आपल्याच ओटीच्या पुरणासाठी ती भल्या सकाळी विहिरीवर गेली. पारीवर दव होतं. भरलेला गुंड डोक्यावर घेऊन चढताना तिचा पाय सरकला.

आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो. गुंड खालच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत घरंगळत गेला होता आणि राखी दोन्ही हात पोटाखाली धरून बसली होती. ती रडत नव्हती. “हालत नाही व ताई,” एवढंच म्हणत होती. भंडाऱ्याला नेईपर्यंत उशीर झाला होता. मुलगी होती.

कारण आणि योगायोग यांत फरक करायला मला शिकवलं आहे. दव पडलं होतं, वाट उताराची होती, राखी आधीही विहिरीवर जायची. ही कारणं मी रोज स्वतःला ओळीने सांगत असे. ती सगळी खरी होती. पण अहवाल खरा आला असता तर दुसरी बोअर झाली असती का, या प्रश्नाला त्यांतलं एकही उत्तर देत नव्हतं.

राखी दवाखान्यातून आल्यापासून सासूबाई रोज सकाळी विहिरीचा एक गुंड तिच्या दारात ठेवतात. थांबत नाहीत. गुडघे धरत परत येतात.

डिसेंबरात गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायची पेटी मिळाली, त्यांत मी एक. पाण्यात औषधाचे थेंब टाकत जायचं आणि गुलाबी रंग निळा होईपर्यंत मोजायचं. एका थेंबाला वीस. विहिरीच्या पाण्याला सहा थेंब लागले. आमच्या नळाच्या पाण्याला अठ्ठेचाळीस, म्हणजे नऊशे साठ. मी तीनदा मोजलं. वहीत लिहिलं आणि वही डब्यामागे ठेवली.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. योजना पूर्ण झाली, पाणी चांगलं आहे, असा ठराव घ्यायचा होता. ठराव झाला की ठेकेदार मोकळा. मग दुसरी बोअर कोणी मागायची नाही.

सकाळी सासूबाई विळ्याने तोटीवरचा थर खरवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “आज हात वर कराचे आहेत म्हनते.”

“हो.”

“लिल्याची नोकरी गेली तं जाऊ दे. पोट भराले तलाव आहे.” विळा थांबला. “पन त्या पोरीले माहीत पडलं तं मायं पानी नाही घेनार ते.”

 

झेंडावंदनानंतर शाळेसमोर सतरंज्या टाकल्या. चंद्रकुमारभाऊंनी ठराव वाचला, त्यात तो अहवालही. “कठीनपना एकशे चोवीस. कोनाची हरकत? नाही ना? मंग करा हात वर. बायाहो, डाळ शिजो न शिजो, हात तं वर होते ना तुमचा?”

हसू झालं. हात वर होऊ लागले. मागे रुखमिणीबाईंच्या शेजारी राखी बसली होती. दोन महिन्यांत पहिल्यांदाच बाहेर आली होती. रुखमिणीबाईंनी कोपर मारलं तसा तिने हात अर्धा उचलला आणि इकडेतिकडे बघितलं. तिची नजर माझ्यावर आली. मला विचारत होती, वर करू ना?

मी उठू लागले. सासूबाईंच्या मुठीत माझा पदर होता. मूठ घट्ट झाली, क्षणभर तशीच राहिली, मग सुटली. पुरुषांत बसलेला लिलाधर जमिनीकडे बघत होता.

“का व तृप्ती, दोन्ही हात वर करतेस का?” चंद्रकुमारभाऊ म्हणाले.

“भाऊ, ठराव थांबवा,” मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. “त्या बाटलीतलं पानी नळाचं नव्हतं. आमच्या घरून विहिरीचं पानी भरून गेलं होतं. चिठ्ठीवर सही मायी आहे, आनि अहवाल आला त्या दिवसापासून हे मले माहीत आहे.”