बोल्टावरची लाल रेघ

"अगं, बाटली आणलीस का?" गाडीखालून आवाज आला.

"आणली. आणि जरा हळू बोला. शेजारची मंडळी खिडकीत येऊन उभी राहिली आहेत."

"राहू देत. फुकटात शिकतील."

गाडीखाली आमचे हे होते. बाहेर दिसत होती ती फक्त दोन पावले, आणि त्यांतल्या एका पायमोज्याला मी सकाळीच केलेले रफू. माझ्या हातात लालभडक नेलपॉलिशची बाटली होती. मी जन्मात नखांना रंग लावलेला नाही. परंतु कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई मला पाहिले की न विचारता तीच बाटली पुढे करते. "आजी, हौस दांडगी हो तुमची!" असे ती एकदा म्हणाली, तेव्हा मी तिला माझे दोन्ही हात दाखवले. "हौस गाडीची आहे, बाई. माझी नखं कोरीच आहेत."

गाडी आठ माणसे बसतील एवढी अवजड, आणि आत चढायला पायरी लागावी एवढी उंच. घरात आली तेव्हा थोरला शाळेत होता. आता त्याचीच मुलगी कॉलेजात निघाली होती. या सव्वीस वर्षांत आमच्या ह्यांनी गाडीला गॅरेजचे तोंड दाखवले नाही. तेल बदलणे, पट्टे बदलणे, दाराखाली धरलेला गंज खरवडून त्यावर रंगाचे दोन हात देणे, सगळे घरामागच्या शेडमध्ये होत असे. आसनांची कव्हरे तेवढी मी शिवली, आणि तीही त्यांनी उसवून दोनदा शिवायला लावली.

नोकरीत त्यांनी चौतीस वर्षे वजनकाटे दुरुस्त केले. त्यांच्या कचेरीचा एक नियम होता : ज्याने काटा दुरुस्त केला, त्याने त्यावर शिक्का मारायचा नाही. दुसऱ्याने तपासायचे आणि मगच शिक्का उमटायचा. तो नियम त्यांनी घरी आणला. हे बोल्ट आवळणार, मी पाना लावून पुन्हा तपासणार, आणि मगच बोल्टाच्या माथ्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक सरळ लाल रेघ ओढणार. बोल्ट पुढे कधी हलला तर रेघ तुटलेली दिसते. वाकून पाहिले की पुरे. माणसांच्या बाबतीत अशी सोय असती तर संसारातली निम्मी भांडणे वाचली असती.

त्या दिवशी पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक उघडले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे नातीला वसतिगृहात सोडायला घाट उतरून जायचे होते. थोरल्याने भाड्याची गाडी ठरवली होती. "बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गाडी सव्वीस वर्षांची. मी माझ्या पोरीला हिच्यात बसवणार नाही," असे त्याने मला फोनवर सांगितले होते. ह्यांच्या कानावर ते गेले. त्यांनी आवाज चढवला नाही. "चार वाजता ये. स्वतः तपास. एक जरी खोट सापडली, तर सोमवारी गाडी भंगारात," एवढेच म्हणाले. नंतर जेवताना त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातले, आणि ती मुकाट्याने संपवली.

साडेतीनला आत फोन वाजला. लेकीचा होता. तिचे बोलणे म्हणजे सुताचा गुंडा. एकदा सुटला की सुटला. मी बाहेर आले तेव्हा हे हात पुसत उभे होते आणि चारही बोल्टांवर रेघा होत्या.

"ह्या कोणी ओढल्या?"

"मीच. तो येईल एवढ्यात. तुझं काही संपेना."

"आणि नियम?"

"एक दिवस नियम मोडला तर काय आभाळ कोसळतं?"

मी उजव्या चाकाशी बसून पाना लावला. दोन्ही बोल्ट पहाडासारखे. डावीकडचा वरचा पक्का. खालच्यावर पाना ठेवला, जरा जोर दिला, आणि तो सुताच्या रिळासारखा फिरला. त्यांची रेघ मधोमध तुटली.

मी मान वर केली. हे स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होते. त्या हाताला अलीकडे कंप होता; घरात सर्वांना ठाऊक होते आणि कोणी उच्चारत नव्हते. शेडच्या फळीवर थोरल्याने सहा वर्षांपूर्वी भेट दिलेला पाना होता, हवा तेवढा ताण आला की 'टिक्' असा आवाज करणारा. त्याची पेटीसुद्धा उघडली नव्हती. "माझा हात काय मेला आहे?" असे तेव्हा हे म्हणाले होते.

फाटक वाजले. मी पुटपुटले, "मी आवळते, पुसून नवी रेघ ओढते. तुम्ही त्याला चहाला आत घेऊन जा."

आयुष्यात इतके खोटे मी कधी योजले नव्हते; आणि ते फसले याचा आजही मला आनंद आहे.

"इकडे ये रे," त्यांनी थोरल्याला हाक मारली. "हा खालचा बोल्ट बघ. माझ्याकडून आवळायचा राहिला आणि वर मी रेघ ओढली. तुझ्या आईने पकडलं."

थोरला वाकला, त्याने बोल्ट बोटांनीच फिरवला. त्याचा चेहरा उतरला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. "बाबा, म्हणूनच मी सांगत होतो ना... उद्या घाटात..."

"बरोबर आहे तुझं. खोट सापडली. पण खोट हातात आहे, गाडीत नाही. हात बदलू." त्यांनी फळीवरची पेटी काढली आणि तिच्यावरची धूळ बाहीने पुसली. "जन्मभर लोकांना सांगत आलो, हाताच्या अंदाजावर जाऊ नका, काट्यावर ठेवा. स्वतःला तेवढं सांगायचं राहिलं." पाना त्यांनी माझ्या हातात ठेवला. "बस. आता आवळायचं तू."

"मी? चौऱ्याहत्तराव्या वर्षी?"

"तुझा हात कोणी कधी हलवू शकलंय का?"

थोरला हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. मी पदर खोचून बसले. आवाज होईपर्यंत दाबायचे, त्यापुढे केसभरही नाही, हे त्यांनी तीनदा बजावले. "कमी झालं तर सुटतो, जास्त झालं तर मोडतो. पुरेसं झालं की थांबायचं." चारही बोल्ट मी आवळले. चारही थोरल्याने तपासले. मग हे स्टुलावर बसले आणि नेलपॉलिशची कुंचली हातात घेतली. उजव्या हाताचे मनगट डाव्याने धरून त्यांनी चार रेघा ओढल्या. ओढताना श्वास रोखून धरला होता. चारही वाकड्या होत्या, आणि कुठेही तुटलेल्या नव्हत्या.

थोरल्याने खिशातून फोन काढून भाड्याची गाडी रद्द केली. सकाळी गाडी त्याने चालवली. हे त्याच्या शेजारी बसले आणि सबंध घाटात त्यांनी त्याला एकही सूचना दिली नाही. त्या माणसाला ते केवढे जड गेले असेल, हे मी मागच्या आसनावरून पाहत होते.

या गोष्टीला तीन वर्षे झाली. हे गेले त्याला दीड. मागच्या महिन्यात ब्रेक पुन्हा उघडण्याची वेळ आली. थोरला आता दर रविवारी येतो. पायमोजे माझ्याच रफूचे घालतो. डाव्या चाकाशी मी बसले. खालच्या बोल्टावर ती वाकडी रेघ होती, रंग काळवंडलेला, पण अखंड. पाना हातात घेऊन मी थोडी थांबले, आणि मग लावला. रेघ तुटली.

काम झाल्यावर बोल्ट पुन्हा बसवला. आवळता आवळता माथ्यावरचा रेघेचा तुकडा फिरत फिरत लोखंडावरच्या तुकड्याजवळ येत गेला. अगदी जवळ आला, आणि 'टिक्' झाले. दोन्ही तुकड्यांत तांदळाच्या दाण्याएवढे अंतर उरले होते.

थोरल्याने ते पाहिले. "आई, जरासं अजून फिरवू? जुळेल."

"नको," मी म्हटले. "पुरेसं झालं." आणि बाटली त्याच्या हातात दिली.