मयूरीच्या कमरेवरचे तीन किलो

मित्रांनो, मी शिशाचा एक जुना ठोकळा आहे. दिसायला वाकडा, रंगाने राखाडी, वजनाने तीन किलो. सध्या माझा मुक्काम अंदमानातल्या एका लहानशा बेटावर असला, तरी माझे गाव शहादा तालुक्यात, तापीच्या काठी आहे. आधीच सांगून ठेवतो, ही कहाणी सांगताना मी अधूनमधून चिडेन. माझ्या जागी तुम्ही असता, तर तुम्हीही चिडला असता.

पूर्वी मी एक नव्हतो. मी दोनशे गोळ्या होतो, दगा भोईच्या जाळ्याच्या काठाला ओवलेल्या. दगा पहाटे प्रकाशा गावच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला होडी नेई आणि जाळे असे भिरकावी, की ते हवेत ताटासारखे उघडत असे. मग आम्ही गोळ्या त्याला घेऊन तळाशी जात असू. खाली नेणे एवढेच आमचे काम. वर काढणे दगाच्या हातांचे. वीस वर्षे हे काम बिनबोभाट चालले. होडीच्या टोकाला त्याची लेक मयूरी बसलेली असे. ती शाळेत जायच्या आधी पोहायला शिकली.

दगा गेला तो पाण्यात नाही. कावीळ झाली, शहाद्याच्या दवाखान्यात आठ दिवस पडून होता. मयूरी तेव्हा याच बेटावर डायव्हिंगचे पहिले शिक्षण घेत होती. बोट, विमान, रेल्वे करत ती घरी पोहोचली, तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता.

दहाव्यानंतर तिच्या काकाने, मोतीलालने, जुने जाळे अंगणात पसरले. जाळे कुजले होते. भाऊबंदांत शिसे वाटून टाकू, असे त्याच्या मनात होते. मयूरी म्हणाली, सगळे मला हवे. पाणबुडे कमरेच्या पट्ट्यात शिशाचे वजन ओवतात, नाहीतर शरीर पाण्यात तरंगून वर येते. तसे वजन तिला करून हवे होते. मोतीलालने लोखंडी कढईत आम्हाला वितळवले आणि ओल्या वाळूत साचा केला.

"दोन करू व माय," तो आमच्या अहिराणीत म्हणाला. "दीड-दीड किलोना. कामले येतीन."

"नही काका. एकच."

"तीन किलोनं एक? कंबर मोडी जाई तुन्ही!"

"मोडू द्या. माले बाबाना तुकडा नही करना."

झाले. इथूनच माझे भोग सुरू झाले. ओतताना पट्ट्याच्या खाचेसाठी ठेवलेली एक पट्टी सरकली आणि मी जन्मभराचा वाकडा झालो. तरी मोतीलालचे ऐकले असते तर पुढचा निम्मा ताप वाचला असता.

बेटावर मयूरी डायव्हमास्टरचे शिक्षण घेऊ लागली. डायव्हमास्टर म्हणजे पाहुण्यांना समुद्राखाली नेणारा, फिरवणारा आणि मोजून सुखरूप वर आणणारा माणूस. ऐकायला झकास वाटते ना? आता तिचा दिवस ऐका. पहाटे पाचला उठून सिलिंडर खांद्यावर घ्यायचे आणि डुंगी नावाच्या लाकडी बोटीत रचायचे. फळ्यावर वारा आणि भरती लिहायची. पाहुण्यांच्या पायांची मापे घ्यायची, त्यांच्या उलट्या सावरायच्या, "शार्क चावतो का" याचे उत्तर दिवसातून अकरा वेळा द्यायचे. परत आल्यावर प्रत्येक जाकीट, प्रत्येक नळी गोड्या पाण्यात खळबळून वाळत घालायची. कॉम्प्रेसरच्या धडधडीत सिलिंडर भरायचे आणि संध्याकाळी दाबाची कोष्टके पाठ करत डुलक्या द्यायच्या. सगळ्या सामानाला अंघोळ मिळे. मला कुणी धुवायचे विसरले तरी चालते, म्हणून मला नेहमी विसरत.

पहिले दोन महिने माझी गरज होती, हे मान्य करतो. नवखा माणूस भराभर श्वास घेतो आणि फुग्यासारखा वर येतो. पण मयूरी शिकली. तिचा श्वास लांब झाला, पाय शांत झाले. आता तिला दोन किलो पुरत. मग मला उतरवायचे की नाही? मी एकसंध. माझ्यातून एक किलो काढता येत नाही. आणि ही बया मला सोडेना.

मी तिला खाली ओढी. ते सावरायला ती अंगातल्या हवेच्या जाकिटात हवा भरी. फुगलेले जाकीट पाण्याला अडे, ती जोर लावी, जोर लावला की हवा संपे. शिवाय मी वाकडा असल्यामुळे ती डाव्या अंगाला कलून पोहे, एक चाक चारीत गेलेल्या गाडीसारखी. पाहुण्यांची हवा निम्मी शिल्लक असताना वाट दाखवणारीची टाकी तळाला! मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, "अगं, काढ ना मला!"

तिला शिकवणारे हेमकांत सर मालवणकडचे. त्यांना तोंड होते.

"मयूरी, तुला दोन किलो बस. ही धोंड उतरव."

"सवय आहे सर."

"सवय नव्हे, अडगळ आहे. दे, वितळवून एक दोन किलोचा, एक किलोचा असे दोन करून देतो."

"नको सर."

"मग आयुष्यभर तिरकी पोह!"

संध्याकाळी ती धक्क्यावर फोन घेऊन बसे. गावाहून पार्वतीबाई, म्हणजे तिची आई, रोज तेच विचारी, बाबाचे शिसे कमरेला आहे ना.

"बाबानं शिसं शे ना कंबरले?"

"शे व माय."

"काढू नको बरं. पानीनं काय खरं नही."

दोघींपुढे मी काय करणार?

मे महिना आला. आठवड्याभरात पावसामुळे बोटी बंद होणार होत्या. त्याआधी मयूरीला चार पाहुण्यांची तुकडी एकटीने नेऊन दाखवायची होती. सर फक्त मागून बघणार. जमले तर डायव्हमास्टर, नाहीतर गावी परत. पुन्हा यायला सुट्टी, ओळख, जागा, काहीच मिळायची खात्री नव्हती.

त्या दिवशी सकाळी सरांनी स्वतःच्या हाताने तिच्या पट्ट्यात दोन किलो ओवले. "ते शिसे आज बोटीवर राहील," ते म्हणाले. सर वळले आणि तिने मला जाकिटाच्या खिशात घातले. आता दोन अधिक तीन. कपाळ असते तर मी बडवून घेतले असते.

पाहुण्यांत सुरतचे राजेंद्रभाई होते. भले दांडगे, जाड रबरी पोशाखात गच्च बसलेले. "इतना वजन, बेन? डूब जाऊंगा!" असे म्हणत त्यांनी मयूरीची नजर चुकवून आपल्या पट्ट्यातले दोन ठोकळे बाकड्याखाली सरकवले. म्हणजे बघा, एकाने भीतीने वजन काढले, दुसरीने मायेने जास्त घेतले, आणि दोघे मिळून समुद्रात उतरले.

व्हायचे तेच झाले. अर्ध्या वाटेत मयूरीची हवा सगळ्यांआधी संपत आली. तिने तुकडी लवकर वळवली. वर येण्याआधी पाच मीटर खोलीवर तीन मिनिटे थांबावे लागते. तिथे हवा कमी होऊन राजेंद्रभाईंची टाकी हलकी झाली आणि ते पाय वर करून निघाले, थेट बोटींच्या पंख्यांच्या दिशेने. मयूरीने एका हाताने त्यांचे जाकीट धरले. दुसरा हात खिशात गेला. क्षणभर तिची बोटे माझ्यावर नुसती दाबली गेली. मग तिने मला त्यांच्या खिशात कोंबले आणि मला सावरायला आपल्या जाकिटात भरलेली हवा सोडली.

राजेंद्रभाई खाली आले आणि थांबले. मयूरीही थांबली, आडवी, सरळ, कुठेही न कलता.

बोटीवर सर आधी राजेंद्रभाईंवर बरसले, मग तिच्याकडे वळले.

"खिशात का होते ते?"

तिने राजेंद्रभाईंच्या खिशातून मला काढून घेतले.

"त्यांना दिलेस ते बरोबर. स्वतःसाठी आणलेस ते चूक. आज नापास. उद्या शेवटची संधी, आणि उद्या मी खिसे तपासणार."

दुसऱ्या दिवशी राजेंद्रभाई टॉवेल खांद्यावर टाकून हजर. "बेन, मेरेको कलवाला ही दो. उससे डर नहीं लगता."

मी मयूरीच्या हातात होतो. तिचा हात पुढे होईना.

"क्या हुआ? किसीका है?"

"मेरे पिताजी का है. गुजर गये."

राजेंद्रभाईंनी हात मागे घेतला. "तो रहने दो, बेन. दूसरा दे दो."

सर समुद्राकडे बघत उभे होते, पण ऐकत होते. मयूरीने खाली बसून मला राजेंद्रभाईंच्या पट्ट्यात ओवले. खाच वाकडी, म्हणून दोनदा काढून पुन्हा ओवले.

"गिराना मत."

"मर जाऊंगा, पर नहीं गिराऊंगा."

"मरना भी नहीं है, भाई."

त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला लांबून पाहिले. इतके महिने तिच्या कमरेला होतो, त्यामुळे ती पोहते कशी हे मला कधी दिसलेच नव्हते. ती पुढे होती. मान वळवून एकेक पाहुणा मोजत होती. पाण्यात तिचा हात फारसा हलतच नव्हता. वर आलो, तेव्हा तिच्या टाकीत सगळ्यांपेक्षा जास्त हवा होती. सरांनी तिच्या प्रशिक्षणाच्या वहीत 'पास' लिहून सही केली.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"माय, आज बाबानं शिसं एक सुरतवालाले दिन्हं."

"दी टाकं?"

"दी नही टाकं व. पानीमा पेहराले दिन्हं. परत लई लिन्हं."

"आनि तू तशीच गयी? बापना आधार सोडीसन?"

मयूरीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "माय, बाबानी माले पव्हाले शिकाडं ना, ते काय शिसं बांधीसन नही शिकाडं."

पलीकडे पार्वतीबाई रडली असावी. नंतर तिने विचारले, "जेवनी का?"

आता मयूरीने मला डायव्हिंगच्या दुकानातल्या पेटीत इतर ठोकळ्यांबरोबर ठेवले आहे. रोज नवा दांडगा पाहुणा, रोज नवी तक्रार. परवा एकाने मला स्वतःच्याच अंगठ्यावर पाडले आणि शिव्या मला दिल्या. मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू जरूर सांभाळा. पण त्यांना कामाला लावा. ज्याला लागेल त्याला वापरू द्या आणि परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवून ठेवा. मला अजूनही कुणी धूत नाही. फक्त मयूरी, आठवण झाली तर.