चोपड्याच्या रेंजर साहेबांचे पिस्तूल

मित्रांनो, तुमच्या तळहातावर ठेवले तर मी बोटांच्या टोकांपर्यंतही पोहोचणार नाही. मी एक जुने, छोटे, खिशात मावणारे पिस्तूल आहे. माझ्या मुठीवरची काळी पट्टी एका बाजूने झिजली आहे आणि नळीवरचा निळसर रंग उडाला आहे. माझ्याकडे पाहून काही माणसे मागे सरतात आणि काही पुढे येतात. मी मात्र दोघांसाठी सारखाच असतो.

माझा जन्म दूरच्या एका देशात, थंड गावातल्या कारखान्यात झाला. तिथे पोलाद कापून, तासून, घासून माझे एकेक अंग तयार केले. मला बनवणाऱ्या कारागिराने मला उजेडाकडे धरले, नळीतून आरपार पाहिले आणि तो समाधानाने मान हलवून पुढच्या पिस्तुलाकडे वळला. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक. नंतर मी जहाजातून मुंबईला आलो, एका कापूस व्यापाऱ्याच्या गल्ल्याजवळ बरीच वर्षे पडून राहिलो आणि तो व्यापारी म्हातारा झाल्यावर धुळ्याच्या एका परवानाधारक दुकानात विक्रीला आलो.

तिथून मला देवचंद साहेबांनी घेतले. ते चोपड्याला वनखात्यात रेंजर होते. सातपुड्याच्या पायथ्याचे सागवान त्या काळी रोज तोडले जात असे. लाकूड चोरून नेणाऱ्या टोळीने त्यांना जिवे मारण्याची धमकी दिली होती, म्हणून त्यांना माझा परवाना मिळाला. साहेब उंच, किडकिडीत आणि कमी बोलणारे होते. ते मला सदऱ्याखाली कमरेला लावत. रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून मला उघडत, तेल देत आणि जुन्या धोतराच्या चिंधीने पुसत. त्यांच्या पत्नी झुंबरबाई तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत. मी घरात आल्यापासून त्यांना मी नको होतो.

माझ्या नोकरीच्या काळातला एकच दिवस लोकांच्या लक्षात राहिला. त्या दिवशी साहेब जीपने जंगलात निघाले होते. एका वळणावर सागाचे ओंडके भरलेली बैलगाडी आणि कुऱ्हाडी घेतलेली पाचसहा माणसे दिसली. साहेबांसोबत फक्त चालक होता. त्यांनी जीप थांबवली, मला कमरेवरून काढले, जीपच्या खणात ठेवले आणि खणाला कुलूप लावले. चालक म्हणाला, "साहेब, राहू द्या ना सोबत." साहेबांनी किल्ली खिशात टाकली. ते उतरून चालत गेले.

खणात अंधार होता. मला काही दिसले नाही. आधी आरडाओरड ऐकू आली, मग बराच वेळ काहीच नाही, मग बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज दूर जाताना आला. साहेब परत आले तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजला होता. त्यांनी मला पुन्हा कमरेला लावले. एवढेच मला ठाऊक होते.

गावात मात्र वेगळीच गोष्ट पसरली. रेंजर साहेबांनी पिस्तूल रोखले, हवेत गोळी झाडली, टोळी कुऱ्हाडी टाकून पळाली, असे लोक सांगू लागले. साहेब म्हणत, "अहो, तसं काही झालं नाही." लोकांना तो त्यांचा नम्रपणा वाटे. मी एकही गोळी न झाडता प्रसिद्ध झालो. साहेबांचा मुलगा समाधान याच गोष्टीवर वाढला. शाळेत, टपरीवर, लग्नात, जिथे जाईल तिथे त्याला तीच गोष्ट ऐकायला मिळे. मोठी मुलगी प्राची ती ऐकून नुसती वडिलांच्या तोंडाकडे पाही.

मग साहेब निवृत्त झाले. जीप गेली, जंगल सुटले आणि मी कपाटात आलो. निवडणूक आली की मला पोलीस ठाण्यात जमा करत आणि निकाल लागल्यावर परत आणत. रविवारची साफसफाई आधी महिन्यावर गेली, मग वर्षावर. साहेबांचे हात थरथरू लागले आणि गोष्टी विसरायला होऊ लागले. एकदा त्यांनी मला पुसायला काढले, गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन, आत बसवले, वरचा भाग मागे ओढून सोडला आणि तेवढ्यात कोणीतरी दारावर हाक मारली. त्यांनी मला तसेच कपाटात ठेवले. नंतर ते त्यांच्या ध्यानातून गेले. तेव्हापासून एक गोळी नळीच्या मुळाशी बसून होती. हे मला ठाऊक होते, पण पिस्तुलाला सांगता येत नाही.

आजारपणात साहेबांनी घरच्यांना जवळ बसवून सांगितले, "माझ्यामागे पिस्तूल प्राचीकडे द्या."

समाधानचा चेहरा उतरला. "आबा, मुलगा मी, आणि पिस्तूल ताईला?"

"ती विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही," साहेब म्हणाले.

थोड्याच दिवसांत साहेब गेले. प्राची धुळ्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचे काम करत होती. ती रजा काढून आली. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, आदल्या दिवशी झुंबरबाईंनी कपाटाकडे बोट दाखवून तिला म्हटले, "तुना बाप गया, आते हाई बी जाऊ दे. माले घरमा नको."

"उद्याचा कार्यक्रम होऊ दे, आई. परवा सकाळी मी ठाण्यात जमा करते," प्राची म्हणाली. "पुढचं मग विचारून ठरवू."

पुण्यानुमोदनाला खूप माणसे आली. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिले, लोकांनी साहेबांविषयी चार शब्द सांगितले आणि जवळजवळ प्रत्येकाने माझी गोष्ट सांगितली. दुपारी जेवणे आटोपून पांगापांग झाली. बाहेरच्या खोलीत घरची तिघे उरली, आणि दाराशी सतरंजीवर एक म्हातारा. त्याचे नाव सुकलाल. तो सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून दोन बस बदलून आला होता. घरात त्याला कोणी ओळखत नव्हते. तो एवढेच म्हणाला होता, "साहेबनी रोपवाटिकामा काम करेल शे मी."

समाधान आत गेला आणि मला घेऊन बाहेर आला. दिवसभर वडिलांचे कौतुक ऐकून त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने माझे मॅगझिन काढून खाटेवर टाकले.

"समाधान, ठेव ते," प्राची म्हणाली.

"रिकामं आहे ताई, हे बघ, गोळ्या इथे पडल्यात. मी फक्त दाखवतोय." त्याने मला दोन्ही हातांनी धरले आणि दाराच्या दिशेने रोखले. "आबांनी असं धरलं असेल. आणि तो कुऱ्हाडवाला समोर उभा."

समोर सुकलाल बसला होता. तो हलला नाही. हळूच म्हणाला, "नही भाऊ, असं नही व्हयनं."

"तुम्हाला काय माहीत?"

"तो कुऱ्हाडवाला मीच व्हतू."

झुंबरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या सरळ झाल्या.

"साहेब एकलाच उनात," सुकलाल सांगू लागला. "हातमा काहीच नही व्हतं. मी कुऱ्हाड उगारी. त्यासनी माले इचारं, ‘सुकलाल, पोरीना ताप उतरना का?’ मी कुऱ्हाड खाले ठेवी दिन्ही."

तेव्हा मला आठवले. त्या दिवसाच्या आधी कधीतरी साहेबांनी जीपमधून तापाने फणफणलेली एक मुलगी चोपड्याच्या दवाखान्यात नेली होती. तिला मांडीवर घेऊन मागे बसलेला माणूस हाच. कुलूपबंद खणाबाहेर काय झाले, ते मलाही आज कळले.

"मग हे काय नुसतं मिरवायला होतं?" समाधानचा आवाज चिरकला. मी अजून त्याच्या हातात, सुकलालच्या छातीच्या रेषेत होतो.

प्राची उठून उभी राहिली. ती ओरडली नाही. "रिकामं असलं तरी माणसावर धरू नकोस. नळी जमिनीकडे कर. आधी नळी जमिनीकडे कर, मग काय बोलायचं ते बोल."

समाधानने चिडून हात खाली केला. "घे, केली जमिनीकडे. आणि हे बघ, काही होत नाही." त्याने चाप ओढला.

मी माझे काम केले. गोळी शहाबादी फरशीवर आदळली, फरशीचा टवका उडाला आणि गोळी खाटेच्या पायात शिरली. फरशीचा एक तुकडा सुकलालच्या नडगीत घुसला. झुंबरबाईंनी दोन्ही कान धरले. समाधानने मला टाकून दिले नाही. त्याची बोटेच उघडेनात. प्राचीने एकेक बोट सोडवून मला त्याच्या हातातून काढले आणि नळी भिंतीकडे करून कोनाड्यात ठेवले. मग ती सुकलालजवळ बसली आणि ओढणीने त्याचा पाय घट्ट बांधला.

"नळी वर व्हती तवय गोळी सुटती तर?" झुंबरबाई पुटपुटल्या.

त्याच दुपारी सुकलालच्या पायाला टाके पडले आणि समाधान स्वतः पोलीस ठाण्यात गेला. "माझ्या हातून झालं," असे त्याने सांगितले आणि पुढे न्यायालयातही तेच सांगितले. त्याला दंड झाला. पण त्याची खरी भरपाई वेगळी होती. पट्टी बदलायच्या दिवशी तो मोटारसायकल घेऊन पाड्यावर जाई, सुकलालला मागे बसवून दवाखान्यात आणी आणि परत सोडी. जाता-येता सुकलाल त्याला साहेबांविषयी सांगे. कुठल्या उतारावर त्यांनी रोपे लावली, कुठे दोघांनी एका भाकरीचे दोन तुकडे केले. हे मी प्रत्यक्ष पाहिले नाही. पुढे धुळ्याच्या दुकानात भावाबहिणीच्या बोलण्यातून मला ते कळले.

प्रकरण मिटल्यावर न्यायालयाच्या परवानगीने मला त्या दुकानात ठेवण्यात आले. वारसदार म्हणून प्राचीने परवाना मागायचा की मला सरकारजमा करायचे, हे ठरायचे होते. दुकानाचे मालक भूपेंद्र शेठ तिला म्हणाले, "ताई, नको असेल तर हात लावायचीही गरज नाही. कागदावर सही करा, झालं."

"आधी मला हे दाखवा," प्राची म्हणाली. "आमच्या घरात इतकी वर्षं होतं आणि आम्हाला कोणालाच ते रिकामं कसं करतात माहीत नव्हतं."

भूपेंद्र शेठांनी दाखवले. आधी मॅगझिन काढायचे. तेवढ्याने पिस्तूल रिकामे होत नाही. मग वरचा भाग मागे ओढून आत पाहायचे. पाहून झाले की करंगळीने चाचपायचे. बोट चापापासून लांब, नळी माणसापासून लांब. प्राचीने ते पुन्हा पुन्हा केले. चुकली की पहिल्यापासून केले. आजवर माझ्या आत इतके लक्ष देऊन फक्त दोघांनी पाहिले, एक तो कारागीर आणि दुसरी ही मुलगी. पण तिच्या हातात कौतुक नव्हते आणि भीतीही उरली नव्हती.

सोबत आलेला समाधान बाकावर बसून होता. प्राचीने विचारले, "तुला बघायचंय?"

त्याने मान हलवली. "नको. तू ठरव. तू म्हणशील ते."

"तुला राग नाही येणार?"

"ताई," समाधान म्हणाला, "मी लहानपणापासून या पिस्तुलासारखं व्हायचं म्हणत होतो. आबांसारखं व्हायचं राहूनच गेलं."

प्राचीने मला काउंटरवर ठेवले आणि सरकारजमा करण्याच्या अर्जावर सही केली. बाहेर पडताना तिने मागे वळून पाहिले नाही. मला त्याचे वाईट वाटले असे म्हणणार नाही, पण दुकानाचे दार लागेपर्यंत मी तिच्या पावलांचा आवाज ऐकत होतो.

मित्रांनो, सध्या मी जळगावच्या एका सरकारी कपाटात आहे. आणखीही पुष्कळ हत्यारे इथे आहेत. हुकूम आला की आमचे तुकडे करून आम्हाला भट्टीत टाकतील. जुने घड्याळ, जुनी छत्री, जुनी सायकल तुम्हाला विनवतात, की आम्हाला फेकू नका, आम्हाला जपा. मी तसे काही मागत नाही. माझी विनंती वेगळी आहे. कधी कुणाच्या घरी, कपाटात किंवा उशीखाली माझ्यासारखे काही दिसले, तर त्याला हात लावू नका. कोणी हसत हसत तुमच्यावर रोखले, तर तुम्ही हसू नका. तिथून निघून जा आणि मोठ्या माणसाला सांगा. "रिकामे आहे" हा शब्द कोणी दिला, तरी विश्वास ठेवू नका.

आणि एखाद्या शूर माणसाची गोष्ट ऐकली, तर त्याच्या हातात काय होते हे विचारून थांबू नका. तो समोरच्याशी काय बोलला, तेही विचारा.